मोजणारी हत्यारं आधी

गाडीचं किरकोळ काम मी घरीच करतो असं कळलं की आमच्या कचेरीत दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "किती पैसे वाचतात?" आणि दुसरा, "पण तुमच्याकडे हत्यारं आहेत का सगळी?" पहिल्याचं खरं उत्तर ऐकून लोकांची निराशा होते. फारसे वाचत नाहीत हो! वर्षातून एकदोनदा ऑईल बदललं, प्लग काढून बघितले, एअर फिल्टर झटकला, तर मजुरीत जे वाचतं ते पहिली काही वर्षं हत्यारांच्या दुकानातच जातं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला चहाची सुट्टी पुरत नाही, म्हणून ते इथे लिहितो.

'सगळी हत्यारं' अशी वस्तूच नसते. तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या मेस्त्रीकडेही ती नसतात. तोही शेजारच्या गॅरेजमधून पुलर मागून आणतो. खरा प्रश्न असतो तो कुठली आधी घ्यायची हा. त्यावर माझं मत ठाम आहे. ज्याचं पोट या कामावर नाही, जो रविवारी सकाळी पोर्चमध्ये बॉनेट उघडतो, त्यानं मोजणारी हत्यारं आधी घ्यावीत आणि जोर लावणारी नंतर. बाजारात मात्र नेमकं उलटं विकलं जातं. शंभरावर नगांची चकचकीत पेटी पुढे केली जाते, तिच्यात एकाच मापाच्या गोट्या तीन-तीन प्रकारच्या असतात, आणि मोजणारं असं काही म्हणजे काही नसतं.

माझी गाडी २००९ ची अल्टो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मारुती ८०० च्या घराण्यातलंच इंजिन. ती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली, पण आमच्या गावांतून अजून दिसते, आणि चालते. माझ्या गाडीला पंधरा वर्षं झाली म्हणून २०२४ साली नोंदणीचं नूतनीकरण केलं. त्याची फी २०२२ पासून पाच हजार झाली आहे. फी भरून पुढची पाच वर्षं मिळतात, इंजिनाची हमी काही मिळत नाही. सासुरवाडी बेळगावची. चोर्ला घाटात पावसाळी धुक्यात, मागच्या सीटवर मुलं झोपलेली असताना इंजिन अडखळायला लागलं तर ते कशामुळे, याचा निदान अंदाज मला असायला हवा. घरी काम करण्यामागे माझं कारण हे आहे. पैसे वाचवायला करायचं असेल तर सरळ एसटीनं जावं, म्हणजे आमच्याकडे कदंबनं.

आता मेस्त्री आणि मी यांतला फरक सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. आमच्या वाड्यावरचा मेस्त्री प्लग बसवताना टॉर्क रेंच वापरत नाही. हातानं फिरवतो, गोटी लावतो, एक हलका झटका देतो, झालं. आणि त्याचा प्लग बरोबर बसतो. हजारो प्लग बसवून त्याच्या मनगटात माप तयार झालं आहे. मेस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला, म्हणजे उस्ताद; आणि उस्तादी म्हणतात ती हीच. माझी आजी शंभर माणसांच्या आमटीत मीठ मुठीनं घालायची. तिला मूठ शोभते. आपण चमचा घ्यावा.

लोक म्हणतात, "मेस्त्री वापरत नाही, मग तुला कशाला?" मी म्हणतो, मेस्त्री वापरत नाही म्हणूनच मला! वर्षातून दोनदा प्लग काढणाऱ्या कारकुनाच्या मनगटाला कसलं आलं माप? आमच्या मनगटाला शिक्का मारायची सवय. तो आम्ही जोरात मारतो.

टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेला पीळ बसला की 'टक्' असा आवाज करून मान मोडणारा पाना. आकडा लावायचा, सावकाश ओढायचं, टक् झालं की थांबायचं. दुसऱ्यांदा 'खात्रीसाठी' ओढायचं नाही. आता कुठला घ्यायचा? इथे बहुतेक लोक अर्ध्या इंची, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा मोठा दांडा घेतात, कारण तो दिसायला भारदस्त आणि चाकाच्या नटांना चालतो. पण इंजिनाच्या कामाचे आकडे बघा. १४ मिमी आट्यांचा वायसरवाला प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवायला प्लग बनवणारे २५ ते ३० न्यूटन-मीटर सांगतात. म्हणजे वीतभर दांड्याच्या टोकाला साधारण अकरा ते तेरा किलोचा भार, बस्स. तुमचा मोठा दांडा ४० वरच सुरू होतो! १२ मिमीचा बारीक प्लग असेल, नव्या गाड्यांत असतो, तर १५ ते २० च. तेव्हा पहिला टॉर्क रेंच घ्यायचा तो तीन सुती ड्राईव्हचा, २० ते १०० किंवा ११० पर्यंतचा. त्यातही टक् करणारे रेंच आपल्या कमाल आकड्याच्या पाचव्या हिश्शाखाली भरवशाचे नसतात, म्हणून ११० वाल्याला २२ च्या खाली काही विचारू नये. व्हॉल्व्ह कव्हरचे छोटे बोल्ट दहाच्या आसपास असतात. त्यांना वेगळा छोटा रेंच लागतो, आणि तो येईपर्यंत दोन बोटांनी धरलेला आखूड पाना बरा.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे नव्या मुलांसाठी सांगून ठेवतो. तीन सुती, चार सुती. सुतार आणि लोहार अजून याच हिशेबात बोलतात.

एवढी काटेकोर भानगड कशासाठी? तर हेड अॅल्युमिनियमचं, मऊ, आणि प्लग पोलादाचा. जास्त पिळला की आटे हेडचे जातात, प्लगचे नव्हे. मग 'हेलिकॉइल' म्हणतात ती तारेची चुडी आत बसवावी लागते, आणि धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून कित्येकदा हेडच उतरवावं लागतं. दोनशे रुपयांच्या प्लगपायी! ढिला राहिला तरी चालत नाही, कारण प्लग आपली उष्णता बैठकीतून हेडला देत असतो. बैठक नीट नसेल तर तो तापत जातो. आमच्याकडे प्लगच्या आट्यांना ग्रीस चोपडायची फार सवय, पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून. तेल-ग्रीस लावलेले आटे कमी ताकदीत जास्त खोल ओढले जातात. रेंच तेवढाच आकडा दाखवतो आणि आटे मात्र जास्त ताणले जातात. प्लगचे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात, ते तसेच वापरावेत.

रेंच हाती आला की त्याची दोन पथ्यं. काम झालं की तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. आणि त्यानं नट सोडवायचा नाही, कधीही. गंजलेला नट सोडवायला लांब दांडा हवा असतो आणि पेटीत सगळ्यात लांब तोच दिसतो, म्हणून हा मोह होतो. मोजपट्टीनं कोणी नारळ सोलतं का?

आकडे आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत टायरची हवा आणि ऑईलचा दर्जा असतो. पिळाचे आकडे बहुधा सर्व्हिस मॅन्युअलमध्येच. ते तुमच्याच गाडीचं आणि तुमच्याच सालाचं हवं. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्यानं वाचणं. मी माझ्या गाडीचे आठ-दहा आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत. आजवर सर्वांत उपयोगी पडलेलं 'हत्यार' बहुतेक तेच.

जोर लावणाऱ्या हत्यारांबद्दल मी कमी बोलणार आहे, पण एक गोष्ट सोडवत नाही. गोट्या घेताना आत सहा कोन आहेत की बारा खाचा ते बघा. बारा खाचांची गोटी नटावर पटकन बसते, म्हणून दुकानात ती छान वाटते. पण नटाच्या कोपऱ्यालाच धरते. आमच्या किनारपट्टीवर चार महिने पाऊस आणि बारा महिने खारं वारं. एक्झॉस्टकडचे, खालच्या बाजूचे नट पाच वर्षांत फुगून आकार सोडतात. त्यांचे कोपरे बारा खाचांची गोटी हमखास घासून गोल करते. सहा कोनांची भिंतीला धरते. आपल्याला लागणारी मापं मोजकीच, ८, १०, १२, १४, १७, १९. ही सहा चांगल्या कंपनीची सुटी घ्या. नाशिकची टपारिया आहे, आपल्या देशात धड पाने बनवणारे दुसरेही आहेत. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरं तर रस्त्यावरच्या पथारीवरच्या पान्यावरही कोरलेली असतात, कोरायला काय जातं! प्लगसाठी आत रबर किंवा लोहचुंबक असलेली खास गोटी घ्या. आधी आपल्या प्लगचा षट्कोन मोजा. जुन्या गाड्यांना २१ मिमी, नंतरच्यांना १६, काहींना १४. रबर नसेल तर खोल विहिरीतून प्लग वर येत नाही, किंवा येता येता निसटून त्याचं चिनीमातीचं अंग तडकतं. डोळ्यांना न दिसणारी ती तडक मग महिनाभर छळते.

(जाता जाता एक भाषेची गंमत. आपली 'चावी' पोर्तुगीज 'शाव्ह'वरून आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पोर्तुगीजमध्ये पान्यालाही शाव्हच म्हणतात. स्क्रू-ड्रायव्हरही शाव्ह, टॉर्क रेंचही शाव्ह. आपण त्यातली कुलुपाची तेवढी ठेवून घेतली आणि बाकीच्यांना पाना, गोटी, डिसमिस अशी आपली नावं दिली. डिसमिस हे स्क्रू-ड्रायव्हरचं नाव कसं पडलं असेल, यावर आमच्या कचेरीत निलंबित माणसाइतकीच चर्चा झाली आहे.)

आता माझं लाडकं हत्यार, कॉम्प्रेशन गेज. प्लगच्या जागी पिळून बसवायची नळी आणि वर घड्याळासारखी तबकडी. सिलिंडर हवा किती दाबतो ते सांगते. इंजिन गरम करून घ्यायचं, सगळे प्लग काढायचे, इंधन आणि ठिणगी बंद करायची, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर पाच-सहा वेळा फिरेल इतका मारायचा. बॅटरी तगडी हवी, नाहीतर आकडे खोटे. धडधाकट पेट्रोल इंजिनात चौरस इंचाला दीडशे ते दोनशे पौंडांच्या दरम्यान आकडा येतो. पण एकेका आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं. एखादा फार खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्या, कारण तेलानं फट बुजवली. चढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.

हेड न उघडता, एका प्लगच्या भोकातून, इंजिनाच्या आतली ही गोष्ट कळते. आमच्या खात्यातला एक सहकारी मुलीच्या कॉलेजसाठी जुनी गाडी घेत होता. रंग नवा, सीटकव्हर नवी, विकणारा गोड बोलणारा. गेज घेऊन गेलो. तीन सिलिंडर १७० च्या आसपास, चौथा १२०. तेल सोडलं, तरी तो तिथेच. विकणारा म्हणाला, "मस्त चालते, कालच कारवारला जाऊन आलो." चालत असेलही, नाही कोण म्हणतं? पण पुढचा खर्च सहकाऱ्याच्या खिशातून जायचा होता आणि त्याचा भविष्यनिर्वाह निधी आधीच अर्धा काढलेला. त्यानं गाडी सोडली. हजार-बाराशेच्या त्या गेजनं माझ्या घरात जेवढं काम केलं त्याहून जास्त काम दुसऱ्यांच्या व्यवहारांत केलं आहे.

व्हॅक्यूम गेज हे त्याचं स्वस्त भावंडं, आणि आजकाल विसरलं गेलेलं. मॅनिफोल्डच्या एखाद्या नळीला जोडायचं आणि आयडलवर सुई बघायची. निरोगी इंजिनाची सुई समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर उभी राहते. ठरावीक अंतरानं एकेक उचकी देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. स्थिर, पण एकूणच खाली असेल तर कुठेतरी हवा ओढली जाते आहे किंवा टायमिंग मागे पडलं आहे. पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे, म्हणून आम्हा गोंयकारांना ते जसेच्या तसे लागू. बेळगावच्या वाचकांनी मात्र सांभाळावं. तुम्ही साडेसातशे मीटरवर राहता. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे तुमची सुई आमच्यापेक्षा अडीच इंच खाली दिसली तर इंजिन आजारी नाही, गाव उंचावर आहे. मेहुण्याच्या गाडीवर हे प्रत्यक्ष बघून झालं आहे.

स्कॅनरबद्दल लिहिलं नाही तर तरुण मंडळी रागावतील. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात खोचायचं आणि मोबाईलवर बघायचं, असले ओबीडी स्कॅनर आता हजाराच्या आत मिळतात. २०१० नंतरच्या दशकातल्या बहुतेक गाड्यांशी ते बोलतात. माझ्यासारख्या त्याआधीच्या गाडीशी बोलतीलच असं नाही, सॉकेट तेच दिसलं तरी. तेव्हा आधी कोणाचा तरी उसना लावून बघावा. वस्तू चांगली आहे, मोजणारीच आहे, माझ्या नियमात बसते. पण तिच्याकडून लोक निर्णय मागतात आणि तिथे फसतात. कोड हा फायलीवरचा शेरा असतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये स्फोट चुकतो आहे, एवढंच. प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, ते शेरा सांगत नाही. 'कृपया तपासून सादर करावे' असं लिहिलेली फाईल घेऊन कोणी सरळ माणूस निलंबित करत नाही. इथे मात्र लोक कोड वाचून थेट ऑक्सिजन सेन्सर विकत घेतात, चार-पाच हजारांचा. कोड आला की कॉइल एका सिलिंडरची दुसऱ्याला लावून बघा, कोड तिच्यामागे गेला तर कॉइल दोषी. फुकट होणारी तपासणी आधी.

मल्टिमीटर घ्याच, कुठलाही साधा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास नसेल तर आल्टरनेटरकडे बघा. फीलर गेजची पात्यांची जुडीही स्वस्तच, प्लगची फट आणि ज्या इंजिनांत करावे लागतात तिथले टॅपेट मोजायला. ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. गंजलेलं पातं जाड होतं, आणि मिलिमीटरच्या दशांशांच्या खेळात जाड झालेलं पातं खोटी साक्ष देतं.

ऑईल फिल्टरचा पाना? काढायला हवा, बसवायला नको. फिल्टरच्या मापाची वाटी मिळते ती सर्वांत सुटसुटीत. नवा फिल्टर रबरावर तेलाचं बोट फिरवून हातानंच बसवायचा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा. आणि जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना ते डोळ्यांनी बघायचं. एकावर एक दोन रबरं बसली की सगळं ऑईल रस्त्यावर.

मग काय घ्यायचं नाही? व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा शिकंजा, पुली ओढायचे मोठे पुलर, टायमिंग अडकवून ठेवायचे साचे. माझ्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे, तो दहा वर्षांत दोनदा बदलायचा, आणि एका दात्यानं चुकला तरी इंजिन नीट चालत नाही. दहा वर्षांत दोनदा करायच्या कामाला हात बसत नाही, आणि इथे मोजणारं हत्यारही तो हात देऊ शकत नाही. ते मेस्त्रीचं काम. मेस्त्रीला हे आवडतं का? सुरुवातीला नव्हतं आवडत. आता मी "गाडी पिकप घेत नाही" असं मोघम न सांगता "तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन वीस पौंड खाली आहे, तेलानं चढतं" असं सांगतो, तेव्हा तो चहा मागवतो. डॉक्टरकडे रिपोर्ट घेऊन गेल्यासारखं. कारकून आणि मेस्त्री यांच्यात एक जुनं अंतर आहे. खंडेनवमीला त्यांच्या घरी हातोडी-पाने पूजले जायचे आणि आमच्या घरी लेखणी-दौत, नि आमच्या मोठ्या माणसांना तेलकट हाताचं वावडं. ते अंतर माझ्यापुरतं त्या गेजनं थोडं कमी केलं.

एकाच बाबतीत मोजणं वगैरे सगळं बाजूला ठेवून आधी पैसे टाकावेत, ती म्हणजे घोडी. गाडीखाली जायचं असेल तर लोखंडी घोड्यांची जोडी, वजन लिहिलेली. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा चाक बदलायचा जॅक. त्याच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालू नये. आणि चिरा लावू नये. आमच्याकडे प्रत्येक आवारात चार चिरे पडलेले असतातच, आणि गाडी उचलली की कोणीतरी ते खाली सरकवतं. चिऱ्यानं घरं उभी राहतात हे खरं, पण ती भिंतीत सगळीकडून सारखा भार आल्यामुळे. एका टोकावर लोखंडाचा भार आला, त्यात पावसात भिजलेला असला, की चिरा काही न सांगता फुटतो. सिमेंटचा पोकळ ब्लॉकही तसाच. जमीन सपाट आणि पक्की, उभ्या चाकांमागे लाकडाचे ठोकळे, घोडीवर गाडी टेकवल्यावर एकदा हलवून बघणं. इतकं जमत नसेल तर ऑईल गॅरेजमध्ये बदलावं. त्यात काही कमीपणा नाही.

ऑईल काढायला पसरट परात आणि साठवायला झाकणाचा कॅन हाही हत्यारांचाच भाग समजा. जुनं ऑईल माडाच्या आळ्यात किंवा परसातल्या खड्ड्यात ओतणारी शिकली-सवरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याच परसात त्यांची विहीर असते. मी ते कॅनमध्ये भरून मेस्त्रीच्या पिंपात नेऊन ओततो; तिथून ते जुनं ऑईल घेणारा येऊन नेतो.

शेवटी एक सूचना, पटली तर बघा. गावोगावी आपल्या क्लबांकडे, देवस्थानांकडे लग्नाकार्याची मोठी भांडी असतात, वाड्यावर कोणालाही मिळतात, वहीत नोंद होते. कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, स्कॅनर ही तशीच भांडी आहेत. वर्षातून दोनदा लागतात. आम्ही चार जणांनी कचेरीत तसं सुरू केलं आहे, कपाटाच्या खालच्या खणात, आवक-जावक वहीसकट. एक स्कॅनर तीन महिने परत आलेला नाही, पण त्याला स्मरणपत्र गेलं आहे. टॉर्क रेंच मात्र मी त्या खणात ठेवलेला नाही. तो घरी असतो. चौघांपैकी एक तरी त्यानं चाकाचा नट सोडवणार, याची मला खात्री आहे, आणि तो कोण हेही मला माहीत आहे.